मधला वाफा

२ फेब्रुवारी, रविवार

अप्पांच्या स्पीच थेरपिस्टने एक वही ठेवायला सांगितलीय. दिवसभरात काय खाल्लं, किती पावलं चालले, कुठला आवाज काढला. ती वही फ्रिजवर असते आणि घरातले सगळे वाचतात. ही दुसरी वही माझी. ही कपाटात, साड्यांच्या खाली.

आज मागच्या अंगणात कुदळ मारली. देवनहळ्ळीच्या बाहेरचा हा लेआउट, पाच-सहा वर्षांपूर्वी इथे शेतं होती म्हणे. आता रस्ते आखलेत, दिवे लागलेत आणि निम्म्याहून जास्त प्लॉटवर गवत आहे. आमचं भाड्याचं घर शेवटच्या रांगेत. घरामागे एका मोठ्या खोलीएवढी मोकळी जागा, मग छातीइतकी भिंत, पलीकडे निलगिरीची झाडं. घरमालक फरशी घालून देणार होते. मी नको म्हटलं.

निहार हसला. म्हणाला, "मुग्धा, तुझ्या हातून कुंडीतली तुळस जगत नाही." खरंय. नागपूरला आमच्या घरी मी कधी मातीत हात घातला नव्हता. पण ऑक्टोबरात अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सासूबाई आधीच गेलेल्या, सांगलीत नणंद शिवलीलाताई नोकरीवाल्या, म्हणून आम्ही त्यांना इकडे आणलं. घरात कोणीतरी राहायला हवं होतं. ते कोणीतरी मी झाले, नोकरी सोडून. माझी काही तक्रार नाही असं मी सगळ्यांना सांगते. इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. मला काहीतरी माझं हवंय.

तीन वाफे आखले. कडेच्या दोन वाफ्यांत कुदळ ठणकन उडत होती, हाताला झिणझिण्या आल्या. मधला मात्र मऊ. भाकरीच्या पिठात हात घालावा तशी कुदळ आत गेली. नशीब म्हणायचं.

५ फेब्रुवारी

हायवेवरच्या नर्सरीतून टोमॅटो आणि वांग्याची रोपं आणली. कोपऱ्यावरच्या दुकानदार मंजुनाथने शेणखताची दोन पोती मिळवून दिली. तो माझ्याशी हिंदीत बोलतो, मधे मधे कन्नड. "मॅडम, पानी स्वल्प डालो, जड सड जायेगा."

आज मोठी गोष्ट घडली. अप्पांना मागच्या दारात खुर्चीवर बसवलं होतं. मी मधल्या वाफ्यात खुरप्याने खड्डा करत होते आणि मागून आवाज आला, "खोल."

स्पष्ट. चार महिन्यांतला पहिला शब्द. मी तिथेच मातीत बसून रडले. निहारला फोन केला, तो मीटिंगमधून बाहेर आला. आधी मला वाटलं, खोली म्हणताहेत, आत जायचं असेल. काठी दिली, हात धरून खोलीत नेलं, तर रागावले. डाव्या हाताने काठी जमिनीवर आपटत परत दारात आले. "खोल. खोल." मग उलगडलं. रोप अजून खोल लावायला सांगत होते. मी कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा केला, त्यात रोप बसवलं आणि म्हटलं, "बघा अप्पा, खोल लावलं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. समाधान झालं असावं.

फ्रिजवरच्या वहीत लाल पेनाने लिहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चार वाजता कपडे काढायला मागे गेले तर भिंतीपलीकडे एक म्हातारी उभी. काळीसावळी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, हिरवं लुगडं. तिने भिंतीच्या काठावर हळदकुंकू लावलं, झेंडूची दोन फुलं ठेवली आणि हातातल्या तांब्यातलं पाणी भिंतीवरून आत ओतलं. माझ्या टोमॅटोंच्या दिशेने.

मी हसले, तिने हात जोडले. मला नाही, खाली बघून. मग मधल्या वाफ्याकडे बोट करून बरंच काही बोलली. मला कन्नडमधलं भाजी-दूध-रिक्षा एवढंच येतं. छातीवर हात ठेवून म्हटलं, "मुग्धा. तुमचं नाव? हेसरू?"

ती म्हणाली, "बावी." परत परत. "बावी इदे, बावी."

दारातून अप्पा धडपडत उठले. "खोल," ते म्हणाले. अप्पांचं बालपण चिकोडीकडच्या खेड्यात गेलं, कन्नड त्यांना घरच्यासारखी. नंतर सगळा जन्म सांगलीच्या साखर कारखान्यात टाइमकीपर. निहारला ती भाषा आलीच नाही, शाळा मराठी होती. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या कानावर त्यांची भाषा पडली. म्हातारी त्यांच्याशी बोलत राहिली आणि ते ऐकत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं.

मी तिला बावीअक्का म्हणायचं ठरवलं. दुकानात मंजुनाथला विचारलं तर म्हणाला, असं नाव नसतं मॅडम, भाग्यक्का असेल. पुराने गाँव की कोई बूढ़ी होगी, दिमाग़ स्वल्प ढीला. तो तुमकूरकडचा, तीन वर्षांपूर्वी आलाय. त्याला तरी काय ठाऊक.

१६ फेब्रुवारी

मेथी उगवली. मधल्या वाफ्यात रोपांच्या मधे सगळीकडे सारखी टाकली होती, तरी गोलात आलीय. मधोमध दाट, गडद हिरवी, ताटातल्या भातासारखी गोल मूद. गोलाच्या बाहेर विरळ, पिवळट. फोटो काढून नागपूरला आईला पाठवला. ती म्हणाली, दृष्ट लागेल, लोकांना दाखवत बसू नकोस.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

टँकर चुकला की इथे पाण्याची बोंब. म्हणून प्लंबरकडून वॉशिंग मशीनच्या पाण्याचा पाइप मागे वळवून घेतला, थेट मधल्या वाफ्यात. कडेच्या वाफ्यांत पाणी तुंबतं. मधला सगळं पितो. अख्ख्या मशीनचं पाणी गेलं तरी वर चिखल म्हणून नाही. आणि पिताना आवाज होतो, गुळूक, गुळूक. माती इतकी तहानलेली असते हे माहीत नव्हतं.

आमच्या भव्याला त्या आवाजाचं वेड लागलंय. सहा वर्षांची पोर, शाळेतून आली की दप्तर टाकून मागे. आज पाहिलं तर ती आणि अप्पा दोघं जमिनीला कान लावून पडलेले. अप्पांना खाली बसता कसं आलं देव जाणे, उठवताना माझी कंबर गेली. भव्याला विचारलं, काय ऐकताय?

"खाली कोणीतरी चूळ भरतंय," ती म्हणाली.

अप्पांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. आजोबा-नातीला एक खेळ मिळाला, तेही बरंच.

बावीअक्का आजही येऊन गेली. मंगळवार आणि शुक्रवार, चार वाजता. आत ये म्हटलं तर येत नाही. भिंतीच्या त्याच जागी उभी राहते.

४ मार्च

वाफा बसला. चार बोटं तरी. कडेने लावलेल्या विटा आतल्या बाजूला झुकल्यात, सगळ्याच, जणू वाकून बघताहेत. निहार म्हणाला, ताजी माती आहे, बसणारच. त्याच्या ओळखीने ट्रॅक्टरची अर्धी ट्रॉली लाल माती मागवली. सगळी मधेच ओतली, पुन्हा उंच केला. टोमॅटो कंबरेला आलेत. पानांच्या आड हात घातला की गार लागतं, माठाला हात लावल्यासारखं. बाहेर ऊन तापलंय आणि तिथे मात्र गारवा, आणि जुन्या ओल्या दगडाचा वास.

खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते. दुपारी घरात कोणी नसलं की मी तिथे जाऊन नुसती उभी राहते. बरं वाटतं. पायाखालून कोणीतरी श्वास सोडतंय असं वाटतं आणि तरी बरं वाटतं.

१६ मार्च

थेरपिस्ट आली होती. अप्पांना डाव्या हाताने चित्रं काढायला दिली होती, घर, झाड, सूर्य, जे जमेल ते. त्यांनी अठ्ठावीस पानं भरलीत आणि प्रत्येक पानावर एकच वर्तुळ. कुठे वर्तुळाच्या आत आडव्या रेघा, एकाखाली एक, शिडीसारख्या. तिने 'व्हेरी गुड कंट्रोल' असा शेरा दिला. मला बाजूला घेऊन म्हणाली की एकाच आकारात अडकून राहणं हे चांगलं लक्षण नाही, मेंदूचा आणखी भाग गेलेला असू शकतो, न्यूरोकडे दाखवून घ्या.

निहारला सांगितलं नाही अजून. तो आल्यावर आधी वही बघतो, मग मला.

आज वाफा परत बसला.

२५ मार्च, मंगळवार

मी भव्याला शाळेच्या बसपर्यंत सोडून येते तोवर, जेमतेम दहा मिनिटं, अप्पांनी मधल्या वाफ्यातली दोन टोमॅटोची झाडं मुळासकट उपटून टाकली. फळं लागलेली झाडं. हिरवी फळं सगळीकडे विखुरलेली. पाण्याचा पाइप ओढून बाजूला फेकला होता. स्वतः कडेला बसून धापा टाकत होते, हाताला रक्त.

मी त्यांना आत आणलं. हात धुतला, पट्टी बांधली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

चार वाजता बावीअक्का आली. उपटलेली झाडं बघून तिने अप्पांना हात जोडले. शाबासकी दिल्यासारखे. मला राग आला. मी तिला हाताने सांगितलं, जा. होगी, होगी. ती गेली नाही. अप्पांशी हळूहळू बोलत राहिली आणि मी दार लावून घेतलं.

पाइप परत बसवला. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी घट्ट आवळला, एका हाताने सुटणार नाही असा.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, मंजुनाथकडून युगादीचा बेवु-बेल्ला आला, कडुनिंब आणि गूळ. श्रीखंड-पुरी झाली. दिवस चांगला चालला होता.

दुपारी भव्या लाल झालेला पहिला टोमॅटो तोडायला मधल्या वाफ्यात उतरली. अप्पा दारातच होते. काठी उचलून त्यांनी तिच्या पोटरीवर मारली. जोरात. वळ उठला, माझ्या बोटाएवढा जाड. ती ओरडली नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. अप्पा तोंड उघडत होते, मिटत होते, घशातून तो एकच शब्द येत होता. खोल, खोल, खोल. चेहरा असा झाला होता की मी घाबरले.

निहारने वळ बघितला. गुढीकडे बघत म्हणाला, "ताईशी बोलतो."

मला सुटल्यासारखं वाटलं. हेही खरंच लिहिते.

१ एप्रिल

शिवलीलाताई तयार झाल्या. अप्पा दोन महिने सांगलीत राहतील, तिथे एक बाई दिवसभर मिळेल. तेराला रविवारी यशवंतपूरहून गाडी, निहार सोडायला जाणार. मी अप्पांना समजावून सांगितलं. "ताईंकडे जायचंय, बरं वाटेल तुम्हाला." त्यांनी ऐकलं. मग दोन बोटांनी भव्याकडे दाखवलं. म्हटलं, "नाही, तिची शाळा आहे. ती इथेच."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले.

८ एप्रिल

अप्पांनी जागा बदललीय. आता दारात बसत नाहीत. भव्या शाळेतून यायच्या वेळेला खुर्ची ओढत ओढत दार आणि मधला वाफा यांच्या बरोबर मधे नेतात आणि तिथे बसतात. ऊन असो, काही असो. तिने जायचं म्हटलं तर काठी आडवी धरतात. मारत नाहीत, नुसती धरतात. मी भव्याला म्हटलं, चार-पाच दिवस राहिलेत, आजोबांना त्रास देऊ नकोस. मग सगळे टोमॅटो तुझेच.

वाफ्याला भेग पडलीय. सरळ नाही, वळत गेलीय, कमानीसारखी. पाण्याचं प्रमाण वाढवलं.

११ एप्रिल, शुक्रवार

बावीअक्काला अप्पांच्या जाण्याचं कळलं असावं, दारात बॅगा दिसल्या असतील. आज ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. माझ्याकडे बघून, भव्याकडे बोट करून. नंतर पदर पसरला, भीक मागावी तसा. मी तिला आतून पेरू आणि पुऱ्या आणून दिल्या. तिने त्या घेतल्या आणि भिंतीवरून वाफ्यात टाकल्या.

मला तिचं भय वाटायला लागलंय. घरमालकांना फोन करून भिंत उंच करून मागते.

१७ एप्रिल

चार दिवस लिहिता आलं नाही. आता जसं झालं तसं लिहिते, कारण सगळे मला विचारतात आणि मी प्रत्येकाला थोडं थोडं सांगते.

रविवारी सकाळी साडेनऊ. टॅक्सी दारात येऊन थांबली होती. निहार पुढे बॅगा काढत होता. मी अप्पांना नवा शर्ट घातला, बटणं लावली, त्यांनी लावू दिली. भव्या कुठेय विचारलं तर मागून आवाज आला, "आई, आजोबांना वाटेत खायला टोमॅटो देते." मी म्हटलं, दे. माझ्याच तोंडाने म्हटलं.

मी त्यांचे मोजे आणायला आत वळले. परत आले तर अप्पा खोलीत नव्हते. झटका आल्यापासून ते इतके भरभर कधी चालले नव्हते. मी मागच्या दारात पोचले तेव्हा ते मधल्या वाफ्यात, झाडांच्या मधोमध, भव्यापाशी होते. त्यांनी डाव्या हाताने तिचा दंड धरला आणि तिला असं हिसडलं की ती विटांवरून उडून माझ्या पायाशी येऊन पडली. दोन्ही गुडघे फुटले. ओच्यातले टोमॅटो सगळीकडे घरंगळले.

मी ओरडले. "मारून टाका एकदाचं तिला," असं म्हणाले. हे मी पोलिसांना सांगितलेलं नाही, निहारलाही नाही. हे शेवटचे शब्द त्यांनी ऐकले. भव्याला उचललं आणि त्यांच्याकडे पाठ केली.

मोठा आवाज झाला नाही. पोत्यातून जोंधळा ओतावा तसा. मग लांबवर खाली पाणी हललं.

मी वळले तेव्हा झाडं नव्हती, विटा नव्हत्या, अप्पा नव्हते. जमिनीत एक गोल होता. व्यवस्थित, दगडांनी बांधलेला गोल, एका बाजूला भिंतीतून बाहेर आलेले पायरीचे दगड, एकाखाली एक, अंधारात उतरत गेलेले. तो ओल्या दगडाचा वास अंगणभर पसरला होता. पाइपमधून मशीनचं पाणी अजून त्यात पडत होतं.

निहार आत उडी मारायला निघाला होता. मंजुनाथने आणि टॅक्सीवाल्याने त्याला धरून ठेवलं. अग्निशमनवाले आले, दोर लावले. अप्पांना वर काढायला सोमवारची दुपार झाली.

मंजुनाथ भिंतीपाशी बसून राहिला होता. कोणीतरी त्याला काहीतरी विचारलं आणि तो म्हणाला, "बावी." मी त्याला म्हटलं, तिला बोलवू नका, ती नको मला इथे. तो म्हणाला, "किसको, मॅडम? बावी मतलब कुआँ."

विहीर. दोन महिने ती माझ्याशी एवढा एकच शब्द बोलत होती.

२५ एप्रिल

दहावा-बारावा सांगलीत केला. परत आलो. अंगणाला पत्रे लावलेत, आम्ही पुढच्या खोलीत राहतो. के. आर. पुरमला चौथ्या मजल्यावर घर बघितलंय, एक तारखेला जायचं.

निहारने चित्रांची वही चाळली. पान उलटायचा, थांबायचा, पुढचं उलटायचा. सगळी वही झाली तेव्हा म्हणाला, "मी रोज रात्री बघत होतो गं ही."

लेआउटवाल्यांचा माणूस येऊन म्हणाला, कागदावर विहीर नाही. शेतातली होती, बुजवली होती, पण राडारोडा आणि प्लास्टिक टाकून. वरून माती. ते खालून खचत गेलं.

कडेच्या वाफ्यांतली भेंडी जून झालीय. कोणी तोडत नाही.

२७ एप्रिल, रविवार

आज मी मंजुनाथला घेऊन जुन्या गावात गेले. निलगिरीच्या मागे दहा मिनिटांवर, वीस-पंचवीस घरं. तिचं नाव मुनियम्मा. दारात चटई टाकून चिंचा फोडत बसली होती. मला बघून उठली नाही, बाजूला सरकून जागा केली.

मी मंजुनाथला म्हटलं, तिला सांगा, मला समजलं नाही, माझं चुकलं. त्याने सांगितलं. तिने हाताने ते झटकून टाकलं, माशी झटकावी तसं. मग बोलायला लागली. मंजुनाथ तुकड्या-तुकड्याने हिंदीत सांगत होता.

शेत तिच्या सासऱ्यांचं. विहीर त्याहून जुनी. गावातलं पाणी आटलं तरी ती आटत नसे, म्हणून दर मंगळवारी-शुक्रवारी तिला पूजा. बुजवली तेव्हा पूजा कोणी केली नाही. तीन दिवस गाड्या रिकाम्या होत होत्या आणि विहीर भरत नव्हती. तेव्हापासून मुनियम्मा भिंतीबाहेरून पाणी घालते. न विचारता तोंड झाकलेली विहीर एक माणूस मागते, असं ती म्हणाली. भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

मी विचारलं, अप्पांशी एवढं काय बोलायचीस?

ती सांगू लागली. मंजुनाथ ऐकत गेला आणि मला सांगायचा थांबला. मी म्हटलं, सांगा. तो म्हणाला, "पुराने लोग हैं मॅडम, कुछ भी बोलते हैं." मी म्हटलं, तरी सांगा.

तो जमिनीकडे बघून सांगत राहिला. मुनियम्माने अप्पांना सगळं सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी. वाफ्यात मूल खेळतं, त्याला उचलून न्या, ही जागा सोडा. त्यांना सांगता येत नव्हतं हे तिला कळलं. पुढच्या वेळी त्यांनी तिला हाताने विचारलं. आधी खाली दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. म्हातारा चालेल का?

"तू काय म्हणालीस?"

मुनियम्माने हातातली चिंच खाली ठेवली. ती म्हणाली, मी कोण सांगणार. तो दर वेळी विचारायचा. शेवटच्या शुक्रवारी मी म्हटलं, चालेल.

परत येताना मंजुनाथ सारखा बोलत होता. छातीत दुखत असेल, ते दाखवत असतील. म्हातारीला काय कळतं. बच्ची को बचाया, पैर के नीचे से मिट्टी गयी, बस. मी हो म्हणत होते.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. त्या रविवारी भव्याला उचलून पाठ वळवताना, गोल उघडला त्याच्याही आधी, मला अप्पांची काठी दिसली होती. ती पडलेली नव्हती. कडेच्या वाफ्यापलीकडे, भिंतीला टेकवून उभी होती, सरळ, मूठ वर. एकच हात चालायचा त्यांचा. भव्याला धरायला तो मोकळा हवा, म्हणून काठी ठेवली असणार. घाईत असलेला माणूसही सवयीने वस्तू नीट ठेवतो. पण ती भिंत वाफ्यापासून पाच पावलांवर आहे. ती पाच पावलं ते काठीशिवाय परत आले. आणि भव्या बाहेर पडल्यावर, मी ओरडत होते तेवढा सगळा वेळ, विटांपर्यंत यायला त्यांना दोनच पावलं टाकायची होती.

घरी आले तर निहारने विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी म्हटलं, "म्हणाली, तुझे अप्पा तिचं सगळं ऐकून घ्यायचे. दुसरं कोणी ऐकत नाही म्हणाली."

तो म्हणाला, "माझं कधी ऐकलं नाही लहानपणी." आणि हसला. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा स्वतः उठून ताट घेतलं, भव्यालाही वाढलं. मी पोळ्या लाटत राहिले. दोघांचं पोटभर जेवण होईपर्यंत मी मागे वळून बघितलं नाही.